चवदार तळे: एक ओंजळ पाणी आणि दहा वर्षांचा दावा

२० मार्च १९२७ या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरले, ओंजळीने पाणी प्याले आणि त्यांच्यामागोमाग आलेल्या जमावानेही ते पाणी प्राशन केले. एवढे चित्र बहुतेकांना ठाऊक असते. त्यानंतर या लढ्याला दोनदा आपला हात आवरावा लागला आणि त्याचा निकाल १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात लागला, हा भाग मात्र सहसा सांगितला जात नाही. वस्तुतः अहिंसेच्या मार्गाने आपल्या म्हणण्यावर ठाम राहणे म्हणजे काय, हे ओंजळीपेक्षा त्या मागच्या-पुढच्या हकीकतीतूनच अधिक कळते.

महाड हे ठिकाण योगायोगाने निवडलेले नव्हते. महाडजवळच्या रावढळ गावचे गोपाळबाबा वलंगकर लष्करातून निवृत्त होऊन आले आणि १८८८ साली त्यांनी ‘विटाळविध्वंसन’ या पुस्तिकेतून अस्पृश्यतेला शास्त्राचा आधार काय, असा प्रश्न थेट धर्ममार्तंडांना विचारला. जोतीराव फुले यांनी स्वतःच्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला, त्याला तेव्हा वीस वर्षे झाली होती. कोकणातील महार समाजात सैन्यात राहून आलेली, लिहू-वाचू शकणारी आणि अर्ज-विनंत्यांची भाषा जाणणारी माणसे बरीच होती. १८९०च्या दशकात सैन्यभरती बंद झाली तेव्हा त्याविरुद्धची दाद याच मंडळींनी लेखी मागितली होती. पुढच्या पिढीतील रामचंद्र बाबाजी मोरे यांनी महाडच्या परिषदेसाठी खटपट केली, ती या पूर्वतयारीच्या जमिनीवर.

दुसरा आधार कायद्याचा होता, आणि तो नीट ध्यानात घेतला पाहिजे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी किंवा सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालवले जाणारे पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने आणि कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा त्याचा आशय होता. सुरेंद्रनाथ टिपणीस यांचा पुढाकार असलेल्या महाड नगरपालिकेने १९२४ साली स्वतःही ठराव करून चवदार तळे सर्वांना खुले केले. तरीही अस्पृश्यांपैकी तळ्यावर कोणी फिरकले नाही, कारण ठराव दप्तरात होता आणि तळ्याभोवती वस्ती सवर्णांची होती. तेव्हा महाडला जे घडले तो रूढ अर्थाने कायदेभंग नव्हताच. मिळालेला हक्क प्रत्यक्ष बजावून पाहण्याचा तो प्रकार होता. मिठाच्या सत्याग्रहापासून त्याचे वेगळेपण इथे आहे.

१९ आणि २० मार्चला कुलाबा (आजचा रायगड) जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. प्रतिनिधींना प्यायला पाणी मिळावे म्हणून चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागल्याची नोंद आहे; तळे हाकेच्या अंतरावर असताना. परिषद संपता संपता अनंतराव चित्रे यांनी तळ्यावर जाण्याची सूचना मांडली आणि मिरवणूक शिस्तीने तिकडे निघाली. नंतर गावात आवई उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. मंडपात जेवायला बसलेल्या आणि परतीच्या वाटेला लागलेल्या प्रतिनिधींवर लाठ्याकाठ्या घेऊन जमाव तुटून पडला. अन्न मातीत मिसळले गेले, माणसे गल्ल्यांतून गाठून मारली गेली, आणि कित्येकांना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला.

पहिली कसोटी या वेळी लागली. बाबासाहेब ज्या सरकारी बंगल्यात उतरले होते तिथे जमलेले तरुण केवळ हुकमाची वाट पाहत होते. त्यांच्यात बंदूक हाताळलेली माणसेही होती. उलट वार करण्याची ताकद अंगी नव्हती म्हणून ते गप्प राहिले, असे म्हणता येणार नाही. बाबासाहेबांनी त्यांना आवरले आणि प्रकरण पोलीस व न्यायालयाकडे नेले. हल्लेखोरांपैकी पाच जणांना चार-चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. एक गोष्ट इथे स्पष्ट करायला हवी: बाबासाहेबांनी अहिंसेला निरपवाद व्रत मानले नव्हते. त्यामुळे त्या दिवशीचा संयम हा श्रद्धेपेक्षा विचाराचा होता, असे मला वाटते, आणि त्यामुळेच तो अधिक अवघड होता.

सनातनी मंडळींनी पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ करून घेतले, आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला जुना ठरावही मागे घेतला. साहजिकच डिसेंबरात पुन्हा महाडला जायचे ठरले. ब्राह्मणेतर चळवळीतले पुढारी दिनकरराव जवळकर आणि केशवराव जेधे यांनी पाठिंबा देऊ केला, पण त्यांची अट होती की चळवळीत ब्राह्मण नकोत. ती अट बाबासाहेबांनी नाकारली. विरोध ब्राह्मण्याला आहे, ब्राह्मण व्यक्तींना नाही, अशी त्यांची भूमिका होती. मनुस्मृती जाळण्याचा ठराव २५ डिसेंबरला मांडणारे गंगाधर सहस्रबुद्धे ब्राह्मणच होते. परिषदेसाठी गावात कोणी जागा देईना. शेवटी फत्तेखान या मुसलमान गृहस्थांच्या जमिनीवर मंडप उभा राहिला.

दुसरी कसोटी मात्र मार्चपेक्षा कठीण निघाली. तळे खाजगी मालकीचे आहे असा दावा काही सवर्णांनी १२ डिसेंबरला दाखल केला आणि दोनच दिवसांत तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. ३,८८४ स्वयंसेवकांनी सत्याग्रहासाठी नावे नोंदवली होती. तुरुंगात जायची त्यांची तयारी होती. जिल्हाधिकाऱ्यांनी मंडपात येऊन हुकूम न मोडण्याची विनंती केली. आधी सत्याग्रह करण्याचा ठराव झाला होता, तो बदलून दाव्याचा निकाल लागेपर्यंत थांबायचे ठरले आणि लोक तळ्यावरून मिरवणूक नेऊन पाण्याला न शिवता परतले. या निर्णयाबद्दल कार्यकर्त्यांत नाराजी होती, आणि ती समजण्याजोगी होती. परंतु ज्या लढ्याचा सगळा भर ‘कायदा आमच्या बाजूने आहे’ यावर होता, त्याने न्यायालयाचा हुकूम मोडला असता तर सरकारलाही विरोधकांच्या रांगेत नेऊन उभे केले असते.

मग सुरू झाली कोर्टकचेरी. महाडच्या न्यायालयाने १९३१ साली दावा फेटाळला, १९३३ साली ठाण्यातील अपीलही फेटाळले गेले, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. निकाल देणारे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड हे तेच, ज्यांनी १९२२ साली अहमदाबादला महात्मा गांधींना सहा वर्षांची शिक्षा सुनावली होती. अस्पृश्यांना तळ्यावरून वगळण्याची रूढी अनादिकालापासून चालत आल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, एवढ्याच मुद्द्यावर ते हरले. ती रूढी न्याय्य आहे की अन्याय्य, या प्रश्नात शिरण्याची गरज न्यायालयाला पडलीच नाही.