रखडलेला गेम मेला कधी म्हणायचा?

फेब्रुवारी २०२५ पासून स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातल्या काही अर्धवट गेमांच्या पानावर एक सूचना दिसू लागली आहे. डेव्हलपरने, म्हणजे गेम बनवणाऱ्याने, शेवटचे अपडेट देऊन इतके महिने लोटले आहेत, तेव्हा इथली माहिती आणि वेळापत्रक शिळे झालेले असू शकते, असा तिचा मतलब. वर्षभर काही हालचाल नसली की ती लागते. ‘मेला’, ‘सोडून दिला’, ‘फसवले’ असला एकही शब्द तिच्यात नाही, नुसते तारखेकडे बोट. एवढे म्हणायलासुद्धा स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीला जवळजवळ बारा वर्षे लागली. आणि मूळ प्रश्नाचे घोंगडे भिजत पडले आहे ते आहेच: संथ चाललेला गेम कोणता आणि वाऱ्यावर सोडलेला कोणता?

हा प्रश्न तसा फार जुना नाही. जाहीर होऊन कधीच न येणाऱ्या सॉफ्टवेअरला अमेरिकेत १९८० च्या दशकातच ‘वेपरवेअर’, म्हणजे नुसती वाफ, असे नाव पडले होते. ‘ड्यूक न्यूकेम फॉरएव्हर’ हा गेम १९९७ मध्ये जाहीर झाला आणि २०११ मध्ये आला. मधली चौदा वर्षे त्याची यथेच्छ टिंगल झाली, पण वाट पाहणाऱ्या बहुतेकांच्या खिशातून काही गेले नव्हते. खिसा मध्ये आला तो नंतर. जून २००९ मध्ये ‘माइनक्राफ्ट’ची कच्ची आवृत्ती विकायला निघाली, पूर्ण आवृत्ती नोव्हेंबर २०११ मध्ये आली, आणि तोवर लाखो लोकांनी पैसे मोजून तो घेतलेला होता. असे करणारा तो पहिला नव्हता, पण त्याचे यश पाहून ही चाल रूढ झाली. बांधकाम चालू असतानाच फ्लॅट विकावा तसा हा व्यवहार. पुढे काय काय होऊ शकते हे पुण्या-मुंबईच्या वाचकाला वेगळे सांगायला नको. फरक इतकाच की इथे महारेरा नाही, आणि तिमाही अहवालही नाही.

२० मार्च २०१३ रोजी स्टीमने या व्यवहाराला ‘अर्ली अ‍ॅक्सेस’ म्हणून अधिकृत खिडकी उघडून दिली. पहिल्या तुकडीत १२ गेम होते. त्या बारांतल्या तिघांकडे नीट पाहिले तरी पुष्कळ कळते. ‘पॅटर्न्स’ हा ‘सेकंड लाइफ’वाल्या लिंडन लॅबचा, म्हणजे त्यातल्या त्यात भरभक्कम कंपनीचा. तिने ऑक्टोबर २०१४ मध्ये तो बंद केला. ‘स्टारफोर्ज’ सप्टेंबर २०१४ मध्ये १.० आवृत्तीला पोचला, म्हणजे कागदोपत्री पूर्ण झाला. विकत घेणाऱ्यांनी तो पाहून कपाळाला हात लावला आणि २०१७ मध्ये तो विक्रीतूनच काढला गेला. तिसरा ‘केन्शी’. ख्रिस हंट यांनी त्याचा पहिला मोठा टप्पा एकट्याने, पोटासाठी सिक्युरिटी गार्डची अर्धवेळ नोकरी करत उभा केला होता. तो पूर्ण झाला डिसेंबर २०१८ मध्ये, सुरुवात केल्यापासून बारा वर्षांनी. २०१४ च्या अखेरीस कुणी यादी केली असती तर ‘स्टारफोर्ज’समोर ‘पूर्ण’ आणि ‘केन्शी’समोर ‘अपूर्ण’ असे लिहावे लागले असते.

पूर्णत्वाचा शिक्का मारून गाशा गुंडाळण्याचे सर्वात गाजलेले उदाहरण मात्र ‘स्पेसबेस डीएफ-९’चे. टिम शेफर यांचा सॅन फ्रान्सिस्कोचा डबल फाइन स्टुडिओ, इंडी म्हणजे स्वतंत्र गेमकर्त्यांच्या जगातले मानाचे नाव. ऑक्टोबर २०१३ मध्ये अंतराळतळ बांधण्याचा हा गेम अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये आला, तेव्हा सोबत पुढे काय काय येणार याची लांबलचक यादी होती. गुंतवणूकदारांनी घातलेले चार लाख डॉलर दोन आठवड्यांत वसूलही झाले. पुढे विक्री मंदावली. सप्टेंबर २०१४ मध्ये स्टुडिओने जाहीर केले की येणारी आवृत्ती हीच १.०. यादीतल्या बऱ्याच गोष्टी यादीतच राहिल्या. शेफर यांनी लपवाछपवी केली नाही: विक्रीतून खर्च निघत नाही, म्हणून थांबतो आहोत, असे त्यांनी सांगून टाकले आणि गेमचा लुआ भाषेतला कोड चाहत्यांच्या हवाली केला. प्रामाणिकपणाचे गुण त्यांना द्यायला हवेत. पण ज्याने यादी वाचून पैसे दिले, त्याच्या तोंडाला पाने पुसली गेली ती गेलीच. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये व्हॉल्व्हने डेव्हलपरांना बजावले की पुढची ठाम आश्वासने देऊ नका, आणि विक्री झालीच नाही तर काम चालू ठेवता येणार नसेल तर या वाटेला येऊच नका. जून २०१५ पासून पैसे परत मिळण्याची सोयही झाली, पण १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेले असेल तर. दोन वर्षांनी मुका झालेल्या गेमसाठी तिचा उपयोग शून्य.

आता मुक्या गेमांकडे वळू. जर्मनीतल्या वोल्फ्राम आणि साराह फॉन फुंक या जोडप्याने जुलै २०१३ मध्ये ‘क्यूब वर्ल्ड’ची अल्फा, म्हणजे कच्ची, आवृत्ती स्वतःच्या संकेतस्थळावर विकायला काढली. झुंबड उडाली आणि त्याच वेळी संकेतस्थळावर हल्ला होऊन ते कोलमडले. काही अपडेट आले, मग शांतता. अधूनमधून एखादे चित्र, एखादी ओळ, मग पुन्हा महिनोन्‌महिने काही नाही. लोकांनी कधीच पाणी सोडले होते. सप्टेंबर २०१९ मध्ये वोल्फ्राम यांनी लिहिले की त्या हल्ल्याचा आपल्यावर खोल परिणाम झाला, तेव्हापासून चिंता आणि नैराश्य पाठ सोडत नाही. त्याच महिन्याच्या ३० तारखेला गेम स्टीमवर आला, जुन्या ग्राहकांना फुकट. म्हणजे सोडून दिला नव्हता? नव्हता. पण आलेला गेम लोकांनी पैसे दिलेला तो नव्हता. पातळी वाढवत जाण्याची जुनी पद्धत मोडून नवी घातली होती, एका प्रदेशात कमावलेले बहुतेक सामान पुढच्या प्रदेशात निकामी व्हायचे. नाराजी उसळली, आणि वोल्फ्राम पुन्हा गप्प. माझ्या मते तो गेम खरा सुटला तो इथे, पहिल्या सहा वर्षांत नाही.

उलट बाजूला ‘ड्वॉर्फ फोर्ट्रेस’. टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स हे भाऊ २००२ पासून तो करत आहेत. जून २०१२ ते जुलै २०१४ अशी सलग पंचवीस महिने त्याची नवी आवृत्ती आली नाही. स्टीमची आजची फूटपट्टी लावली असती तर सूचनेची पाटी वर्षभराहून अधिक काळ लटकली असती. तरी फारसा कुणी घाबरला नाही, कारण टार्न काय चालले आहे ते जवळजवळ रोजनिशीसारखे लिहीत होते आणि देणग्या किती आल्या तेही दर महिन्याला सांगत होते. गेम फुकट होता, देणगी ऐच्छिक. पहिली पैसे देऊन घ्यायची आवृत्ती डिसेंबर २०२२ मध्ये आली, वीस वर्षांनी.

‘प्रोजेक्ट झॉम्बॉइड’ची कथा जरा वेगळी. ऑक्टोबर २०११ मध्ये न्यूकॅसलमध्ये डेव्हलपरांच्या फ्लॅटवर चोरी झाली, दोन लॅपटॉप गेले, आणि त्यांतच गेमचा ताजा कोड होता. बाहेर ठेवलेली प्रत जुनी. पैसे तर लोकांकडून आधीच घेतलेले. ‘चोरीचे निमित्त’ म्हणून किती जणांनी नाक मुरडले असेल याची कल्पना करता येते. त्यांनी कोड पुन्हा लिहिला, २०१३ मध्ये अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये आणला, आणि मग आपल्या गतीने, म्हणजे गोगलगायीच्या गतीने, चालत राहिले. बिल्ड ४१ ही आवृत्ती डिसेंबर २०२१ मध्ये पक्की झाली, आणि त्यानंतर लवकरच एकाच वेळी साठ हजारांहून अधिक लोक तो खेळू लागले. बिल्ड ४२ ची कच्ची आवृत्ती यायला डिसेंबर २०२४ उजाडले.

आणि ‘सिल्कसाँग’. अ‍ॅडलेडची टीम चेरी, मोजून तीन-चार माणसे. २०१४ च्या किकस्टार्टर या ऑनलाइन लोकवर्गणी मोहिमेत ‘हॉलो नाइट’ या पहिल्या गेमसाठी दुसऱ्या पात्राची जोड कबूल केली होती. फेब्रुवारी २०१९ मध्ये ती जोड फुगून स्वतंत्र गेम झाल्याचे जाहीर झाले. पुढे घोषणा थोड्या, शांतता फार. जानेवारी २०२५ मध्ये डेव्हलपरांपैकी एकाने आपल्या प्रोफाइलला चॉकलेट केकचा फोटो लावला, तर त्या केकवरून चाहत्यांनी घोषणेचा मुहूर्त काढला. शेवटी प्रसिद्धीचे काम पाहणाऱ्या मॅथ्यू ग्रिफिन यांना सांगावे लागले की गेम खरा आहे, काम चालू आहे आणि तो येणार आहे. ४ सप्टेंबर २०२५ ला तो आला आणि पहिल्या तासांत स्टीमसह बड्या बड्या दुकानांनी मान टाकली. इतका उशीर का, तर काम करायला मजा येत होती, असे दोघा प्रमुखांचे म्हणणे. पहिल्या गेमच्या लाखो प्रतींचे उत्पन्न पाठीशी असले की अशी मजा परवडते.

माझ्या लेखी सगळी मेख या शेवटच्या वाक्यात आहे. महिने मोजण्यापेक्षा त्या माणसांचे घर कशावर चालते हे विचारावे. ‘केन्शी’ नोकरीवर चालला, ‘ड्वॉर्फ फोर्ट्रेस’ देणग्यांवर, ‘सिल्कसाँग’ जुन्या कमाईवर. ‘स्पेसबेस’ फक्त नव्या ग्राहकांच्या पैशांवर उभा होता, आणि ते आटताच संपला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ याच कारणाने या चर्चेत कधी सापडला नाही. २०१७ मध्ये त्यांची किकस्टार्टर मोहीम फसली, आणि लक्ष्य गाठले नाही तर तिथे कुणाचेच पैसे कापले जात नाहीत. २०२० मध्ये गेम येईपर्यंतचा सगळा ताण त्यांचा त्यांनी सोसला, हिशेब मागणारा ग्राहक मध्ये नव्हताच.

स्टीमची नवी पाटी यातले काही पाहत नाही. शिवाय ती लागते फक्त अर्ली अ‍ॅक्सेसमधल्या गेमांना. ‘झॉम्बॉइड’ एखादे वर्ष गप्प बसला तर त्याच्यावर ती झळकेल. ‘स्पेसबेस डीएफ-९’वर कधीच झळकणार नाही, कारण दुकानाच्या नोंदीत तो ऑक्टोबर २०१४ मध्येच पूर्ण झाला आहे.