बर्फाच्या टबामागचा वाद : पार्श्वभूमी

पुण्या-मुंबईच्या जिममध्ये आइस बाथचे टब दिसू लागले, धावणाऱ्यांच्या ग्रुपवर गळ्यापर्यंत बर्फात बसलेल्यांचे फोटो फिरू लागले, आणि नेमके त्याच सुमारास काही फिजिओथेरपिस्ट 'बर्फ नको' म्हणू लागले. व्यायामानंतर दुखणाऱ्या स्नायूंना बर्फ द्यावा की नाही, हे भांडण आजचे वाटत असले तरी त्याची सुरुवात १९७८मध्ये आहे. त्याआधीचा काळ इथे धावताच सांगतो.

तालमीत मेहनत झाली की मालीश, हे ठरलेले. हौद्यातल्या लाल मातीत तेल, हळद, ताक, लिंबू घालायची रीत जुनी आहे. नव्या पोराला वस्ताद पहिल्या दिवशी शेकड्याने बैठका मारू देत नाही. आयुर्वेदाचे जुने ग्रंथही व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा असे बजावतात. व्यायामानंतरच्या दुखण्यावर प्रयोगशाळेतला पहिला नाव घेण्याजोगा अभ्यास मात्र १९०२चा, बोस्टनचा. तिथल्या शरीरशास्त्रज्ञाने बोटांच्या स्नायूंना वजन ओढायला लावून निष्कर्ष काढला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उमटणारे दुखणे स्नायूच्या आतल्या बारीक फाटाफुटीमुळे होते. उत्तर जवळपास बरोबर होते, पण ते मागे पडले. जोराच्या व्यायामात स्नायूंत तयार होणाऱ्या लॅक्टिक अ‍ॅसिडच्या संशोधनाला १९२२चे नोबेल मिळाले आणि पुढची साठ वर्षे सगळे खापर त्या आम्लावर फुटले. आजही एखादा प्रशिक्षक 'लॅक्टिक साचलंय, जरा जॉगिंग कर, निघून जाईल' असे सांगताना ऐकू येतो. खरे तर व्यायाम थांबल्यावर तासाभरात रक्तातले त्याचे प्रमाण मूळ पातळीवर येते.

हा समज १९८३च्या एका साध्या प्रयोगाने मोडला. काही जणांना सपाटीवर पळवले, काहींना उतारावर. सपाटीवाल्यांचे लॅक्टिक अ‍ॅसिड वाढले, पण पाय दुखले नाहीत. उतारावाल्यांचे वाढले नाही आणि दुसऱ्या दिवशी त्यांना जिना उतरवेना. साताऱ्याची डोंगरी अर्धमॅरेथॉन पळलेल्यांना हे सांगायला नको. यवतेश्वरच्या घाटात दम लागतो तो चढताना, मांड्या भरून येतात त्या उतरताना. उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावत असतो, आणि त्यात त्याच्या तंतूंची आतली रचना विस्कटते. स्वीडनमध्ये १९८१च्या सुमारास जिने उतरायला लावलेल्यांच्या स्नायूंचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा ही विस्कट डोळ्यांनी दिसली. मग दुरुस्तीसाठी पांढऱ्या पेशी येतात, पाणी धरते, नसांची टोके हुळहुळी होतात. दाह म्हणतात तो हाच. तो दाबावा की त्याला त्याचे काम करू द्यावे, या एका प्रश्नावर पुढचा सगळा वाद उभा आहे.

आता १९७८. त्या वर्षी एका अमेरिकन डॉक्टरच्या क्रीडावैद्यकावरील पुस्तकात चार इंग्रजी आद्याक्षरांचे सूत्र आले : 'राइस', म्हणजे विश्रांती, बर्फ, दाब आणि दुखरा भाग उंचावर ठेवणे. पाय मुरगळला, स्नायू ओढला गेला, तर पहिल्या काही तासांत काय करायचे याचे हे उत्तर होते. इथे थोडे थांबायला हवे, कारण पुढे जे झाले ते त्या पुस्तकाने सांगितलेले नव्हते. मुरगळलेल्या घोट्यासाठीचे सूत्र हळूहळू न मुरगळलेल्या पायांसाठीही वापरात आले. रोजचा सराव झाला, मांड्या जड झाल्या, की बर्फ. प्रशिक्षकाला हे सोयीचे होते. बर्फ स्वस्त, कोणत्याही गावात मिळणारा, डॉक्टरच्या चिठ्ठीविना लावता येणारा. खेळाडूलाही लगेच बरे वाटते. थंडीने नसा बधिर होतात, दुखणे कमी जाणवते, आणि जाणवत नाही म्हणजे बरे झाले असे मानायला माणूस तयारच असतो.

पस्तीसेक वर्षांनी, २०१४मध्ये, त्याच डॉक्टरने जाहीर लिहिले की बर्फ आणि पूर्ण विश्रांती या दोन्हींमुळे दुखापत भरून यायला उशीर होऊ शकतो. वैद्यकात असे क्वचित घडते. सूत्र मांडणारानेच ते मागे घेतल्यावर बर्फविरोधकांना आयताच मुद्दा मिळाला. त्यांची मांडणी अशी : दाह हीच दुरुस्ती, बर्फ दाह थांबवतो, म्हणून बर्फ दुरुस्ती थांबवतो. आधाराला २०११चा जपानी प्रयोग होता. त्यात उंदरांचे स्नायू चेचून त्यांवर २० मिनिटे बर्फ ठेवला, तेव्हा नवे तंतू उशिरा आणि कच्चे तयार झाले.

मांडणी ऐकायला पटते. पण उंदराचा स्नायू बोटभरही जाड नसतो आणि बर्फाची थंडी त्याच्या आरपार जाते. माणसाच्या मांडीवर कातडी आणि चरबीचा थर असतो. शिवाय चेचलेला स्नायू वेगळा आणि बैठकांनी भरून आलेला वेगळा.

माणसांवरचा सर्वाधिक चर्चेचा अभ्यास २०१५चा, ब्रिस्बेनचा. १२ आठवडे, आठवड्यातून दोनदा वजनांचा व्यायाम. त्यानंतर एक गट १० अंश सेल्सिअसच्या पाण्यात १० मिनिटे बसला, दुसऱ्याने तेवढाच वेळ हलकी सायकल मारली. थंड पाण्यात बसलेल्यांचे स्नायू कमी वाढले, ताकदही कमी वाढली. बातम्यांत लगेच आले : बर्फाने दाह रोखला, म्हणून वाढ खुंटली. त्याच संशोधकांनी मग स्नायूंचे तुकडे काढून दाह खरोखर कमी झाला का ते तपासले, आणि २०१७मध्ये उत्तर दिले : नाही. थंड पाणी आणि हलकी सायकल यांत दाहाच्या खुणा जवळपास सारख्याच होत्या. स्नायूवाढीचे रासायनिक निरोप मात्र थंडीने मंदावलेले आधीच दिसले होते.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट हीच आहे. बर्फाला चाळीस वर्षे श्रेय मिळाले ते दाह कमी केल्याचे, आणि आता दोष मिळतो तोही दाह कमी केल्याचाच. व्यायामाने थकलेल्या माणसाच्या स्नायूत बघायला गेले तर हे श्रेयही लटके आणि दोषही लटका. बर्फ दुखणे बधिर करतो आणि थंडीने पेशींचे काम मंदावते, एवढे धरता येते. त्यातला किती भाग मनाचा, याचीही चाचणी २०१४मध्ये झाली. काहींना १० अंशांच्या पाण्यात बसवले, तर काहींना कोमट पाण्यात साबणासारखे द्रावण टाकून 'हे थकवा घालवणारे खास तेल आहे' असे सांगितले. ताकद परत येण्यात दोन्ही गट बरोबरीचे ठरले.

दरम्यान सूत्रांची अक्षरे बदलत राहिली. २०१२मध्ये विश्रांतीच्या जागी 'योग्य प्रमाणात भार' आला, बर्फ राहिला. २०१९च्या नव्या सूत्रातून बर्फ गळाला आणि पहिल्या दिवसांत दाहशामक गोळ्याही टाळा, असा सल्ला आला. त्या सूत्राच्या आद्याक्षरांतून इंग्रजीत 'शांतता आणि प्रेम' असे शब्द बनतात. भांडण मिटले मात्र नाही.

गोळ्यांचा इतिहास बर्फापेक्षा सरळ आहे. आयब्युप्रोफेन हे दाहशामक ब्रिटनमध्ये १९६९मध्ये चिठ्ठीवर आले आणि १९८३पासून चिठ्ठीविना मिळू लागले. धावपटूंच्या पाकिटात त्याची पट्टी नेहमीची झाली. कॅलिफोर्नियातल्या १६० किलोमीटरच्या शर्यतीत ही गोळी घेऊन धावलेल्यांचा अभ्यास २००६मध्ये आला. त्यांचे दुखणे गोळी न घेतलेल्यांइतकेच होते आणि रक्तातल्या दाहाच्या खुणा उलट जास्त होत्या. स्टॉकहोममध्ये २०१७मध्ये तरुणांना आठ आठवडे रोज १२०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन देऊन व्यायाम करवला, तेव्हा मांडीच्या स्नायूची वाढ अगदी कमी मात्रेत ॲस्पिरिन घेणाऱ्यांच्या निम्मीच भरली. वयस्कांवरच्या एका अमेरिकन अभ्यासात मात्र अशा गोळ्यांनी वाढ जास्त दिसली होती, तेव्हा सगळ्यांना एकच नियम लागू करता येत नाही. तरी लांब शर्यतीत घामाने पाणी कमी झालेले असताना या गोळ्यांचा ताण मूत्रपिंडांवर पडतो. सवय म्हणून गोळी खाणे बंद व्हावे यासाठी एवढे कारण पुरेसे आहे.

हळदीचे नाव काढल्याशिवाय मराठी वाचक सोडणार नाही. जखमेवरच्या हळदीचे अमेरिकन पेटंट १९९५मध्ये दिले गेले आणि भारताच्या आक्षेपावरून १९९७मध्ये रद्द झाले. त्या विजयात हळद हे सगळ्याच दुखण्यांवरचे औषध ठरून गेले. हळदीत कर्क्युमिन हा तिचा गुणकारी मानला जाणारा घटक वजनाच्या साधारण तीन टक्के असते आणि ते पचनात फारसे शोषले जात नाही. मिऱ्यातल्या पायपेरिनची जोड दिल्यास शोषण २० पटींनी वाढते, हे बंगळूरच्या संशोधकांनी १९९८मध्ये दाखवले. त्या प्रयोगात २ ग्रॅम कर्क्युमिन होते. तेवढे साध्या हळदीतून मिळवायचे तर ६०-७० ग्रॅम हळद लागेल. पेलाभर हळद-दूध झोपेआधी छान लागते, ते तेवढ्यासाठी प्यावे.

मालिशीचा पक्ष अनपेक्षितपणे बळकट निघाला. २०१२मध्ये कॅनडात ११ तरुणांना सायकलवर दमवून एकाच पायाला १० मिनिटे मालीश केली. लॅक्टिक अ‍ॅसिडवर काही परिणाम झाला नाही, पण चोळलेल्या पायात दाहाचे निरोप कमी सापडले. अभ्यास छोटा आहे, हे खरे. स्ट्रेचिंगचा पक्ष मात्र कमकुवत ठरला. बारा अभ्यासांच्या २०११च्या आढाव्यात व्यायामानंतर ताण दिल्याने दुखण्यात शंभर गुणांच्या मोजपट्टीवर एखाद्याच गुणाचा फरक आढळला.

बर्फाच्या बाबतीत सध्या बरेच प्रशिक्षक मधली वाट धरतात. स्पर्धेत उद्या पुन्हा उतरायचे असेल तर थंड पाणी चालते, कारण तिथे स्नायू वाढवायचा नसतो, दुखणे विसरून खेळायचे असते. २०१२च्या १७ छोट्या चाचण्यांच्या आढाव्यातही, नुसते बसून राहण्यापेक्षा थंड पाण्याने दुखणे कमी जाणवते असेच निघाले होते. हंगामाआधी ताकद कमवायच्या महिन्यांत मात्र वजने उचलल्यावर लगेच टबात बसू देत नाहीत. नव्या मुलांसाठी तर पहिल्या आठवड्यात उतार आणि बैठका थोड्याच ठेवतात, कारण एकदा बेताने दुखून गेलेला स्नायू पुढचे काही आठवडे त्याच कामाने फारसा दुखत नाही.