पाठीवरचं १९६६ आणि बाहुलीचं खरं वय

मामाची वाशीतली सोसायटी पुनर्विकासाला निघाली आणि घरोघरचे माळे रिकामे व्हायला लागले. त्या धांदलीत रात्री साडेअकराला मामेबहिणीचा फोटो आला. बार्बीची उघडी पाठ, कमरेच्या खाली बारीक उठावाची अक्षरं: मॅटेल (बार्बी बनवणारी कंपनी), १९६६, मलेशिया. खाली मजकूर, "ताई, आपण श्रीमंत झालो. साठ वर्षांची बार्बी!"

ती बार्बी मामानेच मस्कतहून आणली होती. आणि १९६६ साली मामा स्वतः नौपाड्यात दुसरीत शिकत होता.

मी उठून कपाटातली माझी काढली. ती मला चौथीची स्कॉलरशिप मिळाली तेव्हाची, १९९१ सालची, ठाण्यात गोखले रोडवर बाबांनी घेऊन दिलेली. पाठ बघितली तर तिच्यावरही १९६६! फक्त खाली मलेशियाच्या जागी इंडिया. एक मस्कतच्या दुकानातून आलेली, एक ठाण्याच्या. दोघींचं जन्मसाल एकच, आणि ते दोघींच्या मालकिणींच्या जन्माच्याही कितीतरी आधीचं.

इथेच बहुतेकांची गल्लत होते. छापलेलं साल आणि बनवल्याचं साल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाठीवरचं साल साच्याचं असतं. माझ्या आजीचा लाकडी मोदकाचा साचा आहे, त्यावर कारागिराने साल कोरलं असतं तर ते प्रत्येक मोदकावर उमटलं असतं. म्हणून यंदाच्या चतुर्थीचा मोदक काही तेव्हाचा होत नाही. बार्बीचंही तसंच. पोलादी साच्यात अक्षरं खोदलेली असतात, म्हणून ती अंगावर उठून येतात. आणि नक्कल करणाऱ्याला ती सांगतात की या आकारावर या सालापासून आमचा हक्क आहे. साचा महाग. तो बदलेपर्यंत, आणि त्यावरून दुसऱ्या देशांतल्या कारखान्यांसाठी साचे निघत राहतील तोपर्यंत, तेच साल छापलं जातं. पुस्तकात प्रथमावृत्तीचं साल असतं आणि हातातली प्रत मात्र दहाव्या पुनर्मुद्रणाची निघते, तसं. इथे पुनर्मुद्रणाची ओळच छापलेली नाही, एवढाच फरक.

बहिणीला मी हे सांगितलं तर तिचा प्रश्न रास्त होता: मग १९६६ साली काय झालं होतं? तर फिरत्या कमरेचा साचा. त्याआधीची बार्बी कमरेत वळत नव्हती, नाचवायची तर अख्खी फिरवायची. नव्या कमरेची बार्बी दुकानात आली १९६७ साली, आणि तेव्हा मॅटेलने अमेरिकेत योजना काढली: जुनी बार्बी आणा, वर दीड डॉलर द्या, नवी न्या. म्हणजे आपली बोहारीणच की! जुन्या साड्या दे, वर थोडे पैसे घाल, स्टीलचं पातेलं घे. त्या योजनेत पोरींनी देऊन टाकलेल्या बाहुल्यांची आज संग्राहकांना हळहळ वाटते. पातेल्यावर दिलेल्या पैठणीची आईला अजून वाटते, तशीच.

आता यातली खरी गंमत. जी बार्बी खरोखर १९६६ साली विकली गेली, ती गुडघ्यात वाकणारी असेल तर तिच्या अंगावर साल सापडतं १९५८! खाली मेड इन जपान. ती कमरेत फिरत नाही, आणि तिचे डोळे तिरके असतात, कुणाकडे तरी चोरून बघितल्यासारखे. १९५९ साली बार्बीची कल्पना ज्यांची, त्या मॅटेलच्या रूथ हँडलरबाईंनी न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात बार्बी आणली तेव्हापासून तिची नजर तशीच तिरकी होती. ती समोर बघायला लागली १९७१ साली, मलिबू बार्बीपासून. बहिणीला म्हटलं, तुझी बाहुली तुझ्याकडे सरळ बघते ना? मग १९६६ सोड.

सरळ नजरेच्या जोडीला दात दाखवणारं हसू असेल, तर आणखी पुढे या. आपल्या पिढीला बार्बी म्हटल्यावर जो चेहरा आठवतो, तो सुपरस्टार बार्बीचा. बाजारात १९७७ ला आला, साचा १९७६ चा. हे दुसरं साल शोधायचं असेल तर बार्बीचं मुंडकं काढावं लागतं. गरम पाण्यात डोकं मिनिटभर बुडवायचं (उकळत्या नव्हे, चहाचा कप हातात धरवेल इतपत), व्हिनाइल मऊ पडलं की हलक्या हाताने डावी-उजवी हलवत वर ओढायचं. मानेच्या कडेला आतून १९७६ दिसतं. तेही साच्याचंच. म्हणजे एकाच बाहुलीच्या अंगावर दोन सालं, आणि दोन्ही तिच्या वाढदिवसाची नाहीत. एवढं मात्र नक्की कळतं, की बाहुली दोन्हींतल्या नंतरच्या सालाच्या आधीची असू शकत नाही.

मग वय काढायचं कसं? मी आधी देशाचं नाव बघते. जपान म्हणजे जुनी. इंडिया असेल तर आपल्या ओळखीची. तिच्या डब्यावर लिओ मॅटेल हे नाव असायचं. त्यांतच साडी नेसलेली, टिकली लावलेली बार्बीही यायची. चेहरा तोच परदेशी, साडी मात्र आपल्या मापाची. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलींकडे ती होती आणि उरलेल्यांना ती नको होती. आम्हाला हवा होता गुलाबी झगा. साडी काय, आई रोजच नेसायची.

डबा हाती असेल तर प्रश्नच मिटतो. डब्याचं साल विक्रीच्या सालाला खेटून असतं, कारण प्रत्येक नव्या बाहुलीला नवा डबा लागतो. टोटली हेअर बार्बी, ती पायापर्यंत केसांची, १९९२ साली आली. तिच्या डब्यावर १९९१ आहे आणि पाठीवर तेच आपलं १९६६. शिवाय आपल्याकडच्या डब्यावर किंमत आणि महिना-सालही छापलेलं असायचं. पण डबा ठेवतं कोण? आमचा तर त्याच संध्याकाळी फाटला.

त्यानंतरच्या बाहुल्या ओळखणं सोपं. बेंबी असेल तर ती २००० च्या पुढची. २०१६ पासून तर उंच, ठेंगणी आणि भरल्या अंगाची अशा तीन बांध्यांची बार्बी आली. बहिणीच्या मुलीकडे यातली भरल्या अंगाची आहे, आणि आमच्या बाहुल्यांचे कपडे तिला होत नाहीत यावरून घरात रड झाली होती.

एक सावधगिरी. १९९४ साली पस्तिशीनिमित्त मॅटेलने पहिल्या बार्बीची हुबेहूब नवी आवृत्ती काढली: काळे-पांढरे पट्टे, तिरके डोळे, सगळं. तीन डॉलरला विकली गेलेली अस्सल १९५९ ची बाहुली आज हजारो डॉलरला जाते. कुणी माळ्यावरून काढलेली 'पहिली बार्बी' दाखवली तर पाठीवरचा मजकूर आधी नीट वाचा.

रविवारी बहीण ट्रान्स-हार्बरने ठाण्याला आली. ओढणीत गुंडाळलेली बाहुली तिने टेबलावर ठेवली, शेजारी मी माझी ठेवली. दोघींचे गुडघे वाकवले. कट्, कट्, कट्, तीनदा, दोन्हीकडे सारखे. तिच्या बाहुलीचे पाय चिकट झालेत. मऊ प्लास्टिकमधलं तेल वर्षांनुवर्षं पाझरत राहतं, त्याला इलाज नाही. माझ्या बाहुलीचा चेहरा मानेपेक्षा किंचित गुलाबी आहे. मऊ डोकं आणि कडक धड वेगवेगळे जुने होतात, म्हणून असेल, असं मी बरीच वर्षं सांगत आले.

तिच्या बाहुलीचे पुढचे केस मात्र कात्रीने वेडेवाकडे कापलेले होते, डाव्या भुवईच्या वर थेट टाळूपर्यंत.

ते केस माझ्या भावाने कापले होते. आईच्या शिवणाच्या कात्रीने, दिवाळीच्या सुट्टीत, माझ्या बाहुलीचे. मी दोन दिवस जेवले नव्हते.

गरम पाणी आणलं, दोन्ही मुंडकी काढली. दोन्हींच्या आत १९७६, एका अक्षराचाही फरक नाही. मलेशियाच्या धडावर ठाण्याचं डोकं, आणि इंडियाच्या धडावर मस्कतचं.

बहिणीने दोन्ही मुंडकी दोन हातांत धरली आणि माझ्याकडे बघितलं.

"ताई, हे कधी?"

"मे १९९२," मी म्हटलं. "तू दुपारी झोपली होतीस."