पंखा लावला की सा उतरतो

एप्रिलमधल्या एका रविवारी सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्याच्या माडीवर आम्ही चौघं एका ब्रेडबोर्डभोवती, म्हणजे सोल्डर न करता सुटे भाग खोचायच्या भोकांच्या पाटीभोवती, बसलो होतो. सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर काढणारं वाद्य, हौसेने बांधत होतो. बोर्डावरच्या सर्किटमधून काळी पाचचा सा सलग वाजत होता. सकाळचे दोन तास खपून तो जुळवला होता. उकडायला लागलं म्हणून मी उठून पंखा लावला, तर गाणाऱ्या ताई लगेच म्हणाल्या, "अरे, सा उतरला."

पंख्याच्या पात्यांमुळे आवाज हलल्यासारखा वाटत असेल, असं मला आधी वाटलं. फोनवरच्या ट्यूनरमध्ये पाहिलं तर सेकंदाला २३३ कंपनांचा सूर २२५ वर आला होता. पंखा बंद केला, मिनिटभरात सा जागेवर. पुन्हा लावला, पुन्हा उतरला. त्या एका तक्रारीमागे आमचे पुढचे चार रविवार गेले. ते का गेले हे सांगायचं, तर हे यंत्र सूर काढतं कसं इथपासून सुरुवात करायला हवी.

आमच्यात एक काका आहेत, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. ताई गाणं शिकवतात. तिसरा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी आणि चौथा मी. सामान तापकीर गल्लीतून आणतो. पहिला सिंथेसायझर एका चौदा पायांच्या आयसीवर, म्हणजे चिपवर, बांधला, त्याचं नाव सीडी ४०१०६. आजही कुणी विचारलं तर मी याच आयसीपासून सुरुवात करायला सांगतो, कारण एक रेझिस्टर (प्रवाह अडवणारा भाग) आणि एक कॅपॅसिटर (विद्युतभार साठवणारा भाग) लावला की तो बोलतो.

तो कसा बोलतो हे समजायला घटिकापात्र आठवा. घंगाळातल्या पाण्यावर तळाला बारीक भोक असलेली वाटी सोडायची. पाणी आत चढत जातं, ठरावीक वेळाने वाटी बुडते, ती उचलून रिकामी करून पुन्हा सोडायची. एक घटिका म्हणजे २४ मिनिटं. सर्किटमध्ये वाटीच्या जागी कॅपॅसिटर असतो आणि भोकाच्या जागी रेझिस्टर. कॅपॅसिटरमधला दाब, म्हणजे व्होल्ट, वरच्या खुणेला पोचला की आयसीचं आउटपुट उलटतं आणि त्याला रिकामं करायला लागतं. खालच्या खुणेला आला की पुन्हा भरायला लागतं. एक लाख ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर घेतला, तर हे सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा घडतं, आणि स्पीकर जोडला की खर्जातली भणभण ऐकू येते. रेझिस्टरच्या जागी फिरवायचं बटण लावलं की सूर वरखाली करता येतो.

या पहिल्याच यंत्राने आम्हाला चकवलं. हात जवळ नेला की आवाज बदलायचा. विद्यार्थी खूश झाला, त्याला वाटलं हवेत हात फिरवून वाजवायचं वाद्य आपोआप तयार झालं. खरं कारण असं की या आयसीत असे सहा भाग असतात. आम्ही एकच वापरला होता आणि उरलेल्या पाचांचे इनपुट मोकळे सोडले होते. मोकळा इनपुट म्हणजे उघडी खिडकी: घरातल्या वायरिंगची ५० हर्ट्झची घुंघुं, अंगावरचा विद्युतभार, जे जवळ असेल ते आत शिरतं. न वापरलेले इनपुट ग्राउंडला, म्हणजे सर्किटच्या शून्य व्होल्टला, बांधले आणि यंत्र शहाण्यासारखं वागू लागलं.

खरी अडचण आली ती पेटीसारख्या वाजवायच्या पट्ट्या लावायच्या ठरवल्या तेव्हा. मध्य सा २३३ कंपनांचा, तर तार सा ४६६ चा, अतितार ९३२ चा. दर सप्तकाला दुप्पट. कानाला मात्र ही अंतरं सारखीच वाटतात. म्हणजे वादकाने पट्टीवर सारखं सारखं अंतर सरकावं आणि यंत्राने आत मात्र दुपटीने उड्या माराव्यात, अशी सोय हवी. १९६४ च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रुमन्सबर्ग नावाच्या लहानशा गावात रॉबर्ट मूग यांनी संगीतकार हर्बर्ट डॉइच यांच्यासोबत आपला सिंथेसायझर घडवला. मूग यांच्या यंत्रांमुळे रुळलेला नियम आजही चालतो: एक व्होल्ट वाढला की एक सप्तक वर. मग लगतच्या दोन पट्ट्यांमधला फरक एक व्होल्टचा बारावा भाग, म्हणजे सुमारे ८३ मिलिव्होल्ट. मूग मूळचे हौशी कारागीर, शाळकरी वयात थेरेमिन (हवेत हात फिरवून वाजवायचं वाद्य) बांधणारे आणि पुढे त्याचे सुटे भाग विकणारे. म्हणून मला ते नेहमी आपल्यातलेच वाटतात.

त्यांच्या यंत्राचा आपल्याकडेही एक धागा आहे. १९६९ साली अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर बसवला. तिथे उभ्या राहिलेल्या स्टुडिओत गीता साराभाईंसारख्या संगीतकारांनी काम केलं. अहमदाबादच्या उन्हाळ्यात ते यंत्र सुरात ठेवायला काय करावं लागत असेल, हा विचार माझ्या मनात अलीकडे वारंवार येतो. का, ते पुढे कळेल.

दुपटीचं गणित करणारा भाग आमच्या सर्किटमध्ये एक साधा ट्रान्झिस्टर, म्हणजे प्रवाह कमीजास्त करणारा तीन पायांचा सुटा भाग, होता, बीसी ५४७. त्याच्या बेस आणि एमिटर या दोन पायांमधला दाब सुमारे १८ मिलिव्होल्टने वाढवला की त्यातून वाहणारा प्रवाह दुप्पट होतो. आणखी १८ वाढवला की चौपट. तो प्रवाह कॅपॅसिटर भरतो. म्हणजे घटिकापात्राचं भोक आपण व्होल्टने लहानमोठं करतो. सप्तकाचा हिशोब सिलिकॉनच्या तुकड्यात आयता बसलेला आहे, हे मला पहिल्यांदा कळलं त्या रात्री मी नीट झोपलो नव्हतो.

हे सर्किट पहिल्या दिवशी अर्थातच वाजलं नाही. अशा वेळी एकेक वायर टकामका बघत बसायचं नाही, हे काकांनी शिकवलं. त्यांच्याकडे छोटा अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर बसवलेला एक डबा आहे, त्याच्या एका टोकाला कॅपॅसिटरमधून आलेली सुई. सर्किटच्या बरोबर मधोमध सुई टेकवायची. तिथे आवाज आहे? मग बिघाड पुढच्या अर्ध्यात. नाही? मग मागच्या. उरलेल्याचं पुन्हा अर्धं. सोळा टप्पे असले तरी चार वेळा सुई टेकवून बिघाडाच्या दारात पोचता येतं. त्या दिवशी दोन दोष सापडले. आमच्या ब्रेडबोर्डावरची लांबच्या लांब वीजपट्टी मधोमध तुटलेली होती; काही बोर्डांत ती तशीच असते आणि दोन्ही भाग वायरने जोडावे लागतात. दुसरा दोष माझा. परदेशी आराखड्यात २एन३९०४ होता, त्याऐवजी मी बीसी ५४७ लावला. काम तेच, पण सपाट बाजू आपल्याकडे धरली तर एकाचे पाय डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर आणि दुसऱ्याचे कलेक्टर, बेस, एमिटर. उलटा लावलेला ट्रान्झिस्टर मेला असता तर लवकर कळलं असतं. तो मरत नाही, अर्धवट चालतो, आणि माणूस बाकी सगळं उसकटत बसतो. विद्यार्थ्याने येऊन दोन मिनिटांत ओळखलं. स्वतः लावलेल्या वायरी आपल्याला जशा असायला हव्यात तशाच दिसतात; दुसऱ्याला त्या जशा आहेत तशा दिसतात. आम्ही एकत्र बसतो याचं मोठं कारण हेच आहे.

आता पंखा. पहिला संशय वीजपुरवठ्यावर. मीटर लावला, पंखा चालू, बंद, बारा व्होल्ट जागचे हलले नाहीत. दुसरा संशय कॅपॅसिटरवर, कारण स्वस्त सिरॅमिक कॅपॅसिटर तापमानाने बदलतात. तो काढून पॉलिएस्टरचा लावला. सा तरीही उतरला. मग काकांची रीत: सर्किटचे दोन भाग केले. ट्रान्झिस्टर सोडवून त्याच्या जागी साधा रेझिस्टर लावून प्रवाह दिला. पंखा पूर्ण वेगाने सोडला. सूर ढळला नाही. म्हणजे गुन्हेगार ट्रान्झिस्टरच.

तो परत लावल्यावर विद्यार्थ्याने सहज त्याच्या प्लॅस्टिकच्या अंगावर बोट ठेवलं, आणि सा हळूहळू चढायला लागला. रे ओलांडला, ग वर जाऊन थांबला. बोट काढल्यावर तसाच मिंडेने, म्हणजे न तुटता घसरत, खाली आला. खोलीत कुणी काही बोललं नाही. मग काकांनी कागद ओढला.

ट्रान्झिस्टर एक अंशाने तापला की तोच प्रवाह वाहायला त्याला सुमारे २ मिलिव्होल्ट कमी दाब पुरतो. आम्ही दाब तोच ठेवला होता, म्हणून प्रवाह वाढला. १८ मिलिव्होल्टला एक सप्तक, तर २ मिलिव्होल्टला सप्तकाचा नववा भाग, म्हणजे सव्वा पट्टीहून थोडं जास्त. एका अंशाला! बोटाने तीन अंश चढवले, सा चा ग झाला. पंख्याच्या वाऱ्याने अर्ध्या अंशाच्या आतबाहेर उतरवलं, सा अर्ध्या पट्टीने पडला. आमच्याकडचा साधा तापमापक तो फरक दाखवू शकला नसता. ताईंच्या कानाला तो कळला.

यावरचा उपाय जुना आणि सुंदर आहे. एकाऐवजी दोन सारखे ट्रान्झिस्टर घ्यायचे आणि सपाट बाजूला सपाट बाजू चिकटवायची, म्हणजे तापले तर दोघंही सारखेच तापतील. सर्किट दोघांमधला फरक वापरतं, त्यामुळे सारखी चूक वजा होते. आम्ही वीस बीसी ५४७ आणले, एकेकातून ठरलेला प्रवाह सोडून बेस-एमिटरमधला दाब मोजला आणि मिलिव्होल्टभरात जुळणारी एक जोडी निवडली. मोजताना बोट लागलं की आकडा पळतो, म्हणून चिमट्याने धरायचं आणि मिनिटभर थांबायचं. या कामाला फार सोशिकपणा लागतो, तो काकांकडे आहे. जोडी चिकटवली, वर टेप गुंडाळली, पंखा लावला. सा जागचा हलला नाही.

पण दुपारी दोनच्या सुमारास ताई पुन्हा थांबल्या. "मध्य सा बरोबर आहे. तार सा मात्र उतरलाय."

ही वेगळी चूक होती, पहिल्या मोठ्या चुकीमागे लपलेली. प्रवाह दुप्पट करायला लागणारे ते १८ मिलिव्होल्टसुद्धा कायम नाहीत. ते निरपेक्ष, म्हणजे उणे २७३ अंशांपासून मोजलेल्या, तापमानाच्या प्रमाणात वाढतात. खोलीचे २७ अंश म्हणजे सुमारे ३०० केल्विन; एक अंश वाढला की तीनशेवा भाग, म्हणजे ०.३३ टक्के. संगीतात सप्तकाचे १२०० सेंट धरतात, त्याचा तीनशेवा भाग ४ सेंट. सकाळच्या २७ अंशांना जुळवलेलं यंत्र दुपारी ३३ वर गेलं की प्रत्येक सप्तक २४ सेंटने आखडतं. आपल्याकडे सुरांमधल्या ज्या बारीक अंतराला प्रमाणश्रुती म्हणतात ते सुमारे २२ सेंटचं. ताईंना जी कमी जाणवली ती साधारण एका श्रुतीची होती, आणि त्या आकडेमोड न करता तेच म्हणत होत्या. जुन्या सिंथेसायझरचे वादक कार्यक्रमाच्या बऱ्याच आधी यंत्र चालू करून तापू द्यायचे, त्यामागे हीच भौतिकी आहे.

बाजारात यासाठी खास रेझिस्टर मिळतो. तो तापला की अंशाला ०.३३ टक्केच वाढतो, आणि बेसला पोचणारा दाब तितक्याच प्रमाणात वाढवून चूक भरून काढतो. आम्हाला तो जवळपास मिळेना. काका पुढच्या रविवारी पिशवीतून जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमधली एक रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, घेऊन आले. तिची कॉइल तांब्याच्या बारीक तारेची, आणि तांब्याचा रोध अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. जरा जास्तच. पण मीटरवर कॉइल ८५० ओहम दाखवत होती. तिला १५० ओहमचा साधा, तापमानाने फारसा न बदलणारा रेझिस्टर जोडला की एकूण एक हजार ओहम, आणि वाढ ०.३९ च्या ८५ टक्के: ०.३३. काकांनी हा हिशोब घरीच करून ठेवला होता.

कॉइल ट्रान्झिस्टरपेक्षा कितीतरी मोठी, त्यामुळे ती सावकाश तापते. म्हणून दोन्ही श्रीखंडाच्या एका रिकाम्या डब्यात शेजारी शेजारी बसवली आणि झाकण लावलं, म्हणजे आतली हवा दोघांना सारखी. मग सकाळी प्रीसेट, म्हणजे स्क्रूड्रायव्हरने फिरवायचं छोटं बटण, फिरवून सप्तक जुळवलं, जेवून आलो आणि दुपारी तीन वाजता तंबोरा लावून ऐकलं. ताईंनी मध्य सा वाजवला, मग तार, मग पुन्हा मध्य. फोनवर तार सा ३ सेंट कमी दिसत होता. त्यांनी डोळे मिटून तो आणखी एकदा वाजवला, त्यात आपला आवाज मिसळला आणि म्हणाल्या, "आता याला मींड द्या."

मिंडेसाठी पट्टीकडून येणारा व्होल्ट एका कॅपॅसिटरमधून सावकाश सरकवावा लागेल. विद्यार्थ्याने बोर्डावर जागा शोधायला घेतली आहे.