पातं मिटतं तेव्हा बोट कुठे असतं?

मिटणारा चाकू वापरताना बोट कापलं की "जरा लक्ष द्यायचं होतं" असं सगळेच सांगतात. मला हा सल्ला अपुरा वाटतो, कारण तो शरीराकडून अशक्य गोष्ट मागतो. पातं सटकल्याची जाणीव हातातून मेंदूपर्यंत पोचायला, मेंदूने "थांब" म्हणायला आणि स्नायूंनी ते ऐकायला 0.1 ते 0.2 सेकंद लागतात. तेवढ्यात पात्याचा प्रवास उरकलेला असतो. कितीही लक्ष दिलं तरी हा वेळ फारसा कमी होत नाही. त्यामुळे बोटं वाचवायची तर चाकू सटकण्याआधीच, त्यांची जागा नीट ठरवून.

थोडं गणित करून बघू. बोथट चाकूने जाड दोरी कापताना 5 किलोंचा जोर लावला आहे असं समजा. दोरीचा शेवटचा धागा तुटतो त्या क्षणी समोरचा विरोध संपतो, पण हात अजून ढकलतोच आहे. आतून लावलेल्या दाराला खांदा देऊन उभं असताना कुणी कडी काढावी, तशी हाताची गत होते. कोपरापासून पुढच्या हाताचं वजन चाकूसकट 2 किलो धरलं, तर 0.1 सेकंदात तो सुमारे 12 सेंटिमीटर पुढे जातो. स्नायू आखडतो तसा त्याचा जोर घटतो, म्हणून प्रत्यक्षात अंतर काहीसं कमी भरेल. पण दोरी धरणारी बोटं बहुतेकदा त्याहूनही जवळ असतात. आता हाच हिशेब अर्ध्या किलोच्या जोराने करा. अंतर जेमतेम सव्वा सेंटिमीटर येतं.

धारदार चाकू सुरक्षित का म्हणतात, त्याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. चांगली लावलेली धार एका मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) आसपास किंवा त्याहून पातळ असते. माणसाचा केस साधारण 50 ते 100 मायक्रॉन जाड असतो. एक मायक्रॉन रुंद धारेचा एक सेंटिमीटर भाग वस्तूला टेकवून एक किलोचा जोर दिला, तर तिथे हवेच्या दाबाच्या जवळपास दहा हजार पट दाब तयार होतो. धार झिजून 20 मायक्रॉन झाली की तेवढ्याच जोरात दाब विसाव्या हिश्शावर येतो. मग आपण जोर वाढवतो आणि सटकण्याचं अंतरही वाढतं.

पण "धारदार चाकू सुरक्षित" हे अर्धंच सत्य आहे. धार जोर कमी करते; बोट पात्याच्या वाटेत असेल तर ती बोटालाही तितक्याच सहज कापते. आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. आपला मेंदू प्रत्येक हालचालीआधी किती जोर लागेल याचा अंदाज बांधतो आणि तो अंदाज गेल्या वेळच्या अनुभवावर बेतलेला असतो. चाकूला नव्याने धार लावली की हात मात्र जुन्याच बोथट पात्याच्या हिशेबाने दाबतो. म्हणून धार लावल्यावर पहिले काही काप जाड पुठ्ठ्यावर किंवा निरुपयोगी लाकडावर, अगदी हलक्या हाताने घ्यावेत. हाताला नवा अंदाज लवकर येतो.

धार तपासायला लोक अंगठा पात्याला आडवा, म्हणजे पाठीकडून धारेच्या पलीकडे, हलकेच फिरवतात आणि अंगठा सहसा शाबूत राहतो. तोच अंगठा धारेच्या लांबीवरून ओढला, तर जवळपास तेवढ्याच दाबात चिरतो. यामागचं विज्ञान मोठं सुंदर आहे. मऊ पदार्थावर नुसतं दाबलं की तो खोलवर दबतो, ताण सगळीकडे पसरतो आणि चीर पडायला वेळ लागतो. दाबता दाबता धार तिच्या लांबीच्या दिशेने सरकवली, की पृष्ठभाग ओढला जाऊन ताणला जातो, आणि असे पदार्थ दाबापेक्षा ताणाला लवकर फाटतात. हार्वर्ड विद्यापीठातले एल. महादेवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 साली मऊ जेल तारेने कापून हेच दाखवलं होतं. सरकत्या कापाला खाली दाबण्याचा जोर बराच कमी लागतो.

यातून दोन सवयी निघतात. एक, काम करताना चाकू रेटण्याऐवजी ओढत, सरकवत कापा. कमी जोरात भागतं. दुसरी, पात्याच्या धारेवर टेकलेलं बोट तिच्या लांबीच्या दिशेने कधीही सरकू देऊ नका. पातं पुसताना हेच विसरलं जातं. फडकं पाठीच्या बाजूने धरून पाठीकडून धारेकडे पुसावं, धारेच्या लांबीवरून चिमटीत ओढू नये. धार तपासायलाही अंगठ्यापेक्षा हवेत धरलेला कागद बरा.

इथवरचं कुठल्याही चाकूला लागू आहे. मिटणाऱ्या चाकूचा स्वतःचा धोका त्याच्या सांध्यात असतो. साध्या चाकूत पात्याला कुलूप नसतं. मुठीच्या पाठीतली पोलादी स्प्रिंग पात्याच्या बुडावर दाबून त्याला उघडं किंवा मिटलेलं ठेवते. ही स्प्रिंग सांध्याच्या खिळ्यापासून फार तर काही मिलिमीटरवर असते आणि पात्याचं टोक सात-आठ सेंटिमीटरवर. तरफेचा नियम लावा: टोकाच्या पाठीवर एक किलोचा जोर आला, तर स्प्रिंगला सुमारे दहा किलोंचा धक्का पेलावा लागतो. ती हरते आणि पातं तर्जनीवर मिटतं.

असा उलटा जोर नेमका कधी येतो? टोकाने भोक पाडताना, टोक कशात तरी खुपसून हलवताना, आणि लाकडात अडकलेलं पातं डोलवून बाहेर काढताना. साध्या चाकूने ही कामं करूच नयेत, इतकं माझं मत स्पष्ट आहे. अडकलेलं पातं ज्या रेषेत आत गेलं त्याच रेषेत सरळ मागे ओढावं.

लॉक असलेल्या चाकूत हा धोका कमी होतो. ओपिनेल या फ्रेंच चाकूंना 1955 साली मिळालेलं फिरतं कडं हा त्यातला सर्वांत सरळ उपाय. कडं फिरवलं की मुठीची फट बंद होते आणि पात्याला मिटायला वाटच उरत नाही. काही चाकूंत मुठीच्या आतली पातळ धातूची पट्टी पात्याच्या बुडाला टेकून त्याला अडवते. इथे मिटवताना ती पट्टी अंगठ्याने बाजूला सारावी लागते, म्हणजे अंगठा थेट पात्याच्या वाटेत येतो. पट्टी सारून पातं अंगठ्याला न लागेल इतपतच वळवायचं, अंगठा काढून घ्यायचा, आणि मगच उरलेलं मिटवायचं. लॉक झिजतं, त्यात कचराही बसतो. म्हणून लॉक असलं तरी साध्या चाकूसारखंच वागावं.

साधा चाकू मिटवताना मूठ बोटांच्या टोकांनी दोन्ही बाजूंनी धरा, फटीवर बोटं गुंडाळू नका, आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याने पात्याची पाठ ढकला. बऱ्याच चाकूंत पातं काटकोनात आल्यावर क्षणभर थांबतं. तो थांबा पकड बदलण्यासाठी वापरा. उघडताना पात्यावरच्या खाचेत नख घालायचं, पण स्प्रिंग कडक असेल किंवा हात ओले असतील तर पात्याच्या सपाट बाजू चिमटीत धरून उघडणं चांगलं. सांध्यात माती आणि वाळलेलं तेल साचलं की पातं आधी हट्ट करतं आणि मग एकदम सुटतं; दोरीच्या शेवटच्या धाग्यासारखंच. सांधा धुऊन, कोरडा करून तेलाचा एक थेंब देणं हासुद्धा बोटं वाचवण्याचाच भाग आहे.

"नेहमी स्वतःपासून दूर कापा" हा नियम नवशिक्याला ठीक आहे. पण दूर जाणाऱ्या पात्याला अडवायला पुढे काही नसतं. बारीक कामाला याहून चांगली पद्धत आहे: लाकूड धरलेल्या हाताचा अंगठा पात्याच्या पाठीवर ठेवून त्यानेच पातं पुढे ढकलायचं. अंगठा जेवढा सरळ होतो तेवढंच पातं जातं, तीन-चार सेंटिमीटर. बसून काम करत असाल तर कोपरं गुडघ्यांवर टेकवा आणि चाकू गुडघ्यांच्या पुढे ठेवा. मांडीच्या आतल्या बाजूने मोठी रोहिणी, म्हणजे हृदयाकडून रक्त आणणारी वाहिनी, जाते. तिथली जखम बोटाच्या जखमेसारखी नसते, जिवावर बेतू शकते.

चाकू हातातून निसटला तर पडू द्या. एक मीटर उंचीवरून तो 0.45 सेकंदात जमिनीवर येतो. तेवढ्या वेळात हात त्याच्यापर्यंत पोचतो खरा, पण धार कुठल्या बाजूला वळली आहे हे पाहायला वेळ उरत नाही. पाय मात्र मागे घ्या.

बोटाच्या तळव्याकडच्या बाजूला त्वचेखाली काही मिलिमीटरवर बोट वाकवणाऱ्या कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे चिवट दोर असतात, आणि दोन्ही कडांना एकेक चेता (स्पर्शाची जाणीव वाहून नेणारा तंतू) व रोहिणी. तळव्याच्या वरच्या रेषेपासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंत दोन कंडरा एकाच अरुंद आवरणातून जातात. तिथे कंडरा शिवली की ती आवरणाला चिकटून बसे, म्हणून अमेरिकन हस्तशल्यविशारद स्टर्लिंग बनेल यांनी या भागाला 'नो मॅन्स लँड' म्हटलं होतं. आज तिथे शस्त्रक्रिया होते, पण नंतर बोट पूर्ववत हलायला आठवडे, कधी महिने व्यायाम करावा लागतो. मिटणारं पातं नेमकं याच भागावर येतं.

कापलंच, तर स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून हात वर धरा आणि दहा मिनिटं मध्ये उचलून न बघता दाब कायम ठेवा. उचललं की गोठू लागलेलं रक्त पुन्हा सुटतं. रक्त थांबल्यावर वाहत्या पाण्याने जखम धुवा. मग बोटाचं शेवटचं पेर एकटं वाकवून बघा, आणि बोटाच्या दोन्ही कडांना स्पर्श सारखा जाणवतो का तेही बघा. पेर वाकत नसेल, एखादी कड बधिर असेल, जखमेच्या कडा उघड्या राहत असतील किंवा रक्त थांबतच नसेल, तर जखम बाहेरून कितीही लहान दिसली तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली होती तेही सांगा.