एम्युलेटरमधली काळी कड आणि उभ्या रेघा: टेक्श्चर फिल्टरिंगची पार्श्वभूमी

नाशिकमध्ये जुने कन्सोल गेम एम्युलेटरवर (पीसीवर कन्सोलची नक्कल करणारा प्रोग्राम) खेळणाऱ्यांच्या तक्रारी बहुतेक तीनच असतात. पात्राभोवती काळी कड दिसते, मागच्या चित्रावर बारीक रेघा उमटतात, नाहीतर एका अक्षराच्या कडेला दुसऱ्याचा तुकडा डोकावतो. ग्राफिक्स कार्ड कमी पडतंय असं समजून काही जण नवं कार्ड शोधायला एम.जी. रोडवर जातात. कार्डाचा यात दोष नसतो; तो बहुधा असतो टेक्श्चर फिल्टरिंगचा, म्हणजे आकारांवर चिकटवलेल्या चित्राचे (टेक्श्चरचे) रंग मिसळून ते मऊ करण्याचा.

१९९४ चं पहिलं प्लेस्टेशन टेक्श्चर फिल्टर करतच नव्हतं, सर्वांत जवळचा टेक्सेल (टेक्श्चरमधला एक ठिपका) उचलून तसाच लावायचं. १९९६ चं निन्टेंडो ६४ फिल्टर करायचं, पण चारऐवजी तीन टेक्सेल मिसळून. १९९९ च्या सुमारास या यंत्रांचे एम्युलेटर पसरले, तोवर पीसीच्या थ्रीडी कार्डांत शेजारचे चार टेक्सेल मिसळणारं बायलिनियर फिल्टर तयार होतं. ते सरसकट लावलं गेलं आणि पुढे अनेक प्लगइनांत (एम्युलेटरला जोडायच्या ग्राफिक्सच्या भागांत) तेच आपोआप लागणारं सेटिंग होऊन बसलं.

वाद आजही आहे तो याच निर्णयावर. फिल्टरच्या बाजूने बोलणारे म्हणतात, जुना टीव्ही आणि कंपोझिट केबल चित्र मऊ करायचीच, मग फिल्टर लावल्याने आपण मूळ चित्राच्या जवळच जातो. यात तथ्य अर्धंच आहे. टीव्ही मऊ करायचा ते पूर्ण काढून झालेलं चित्र. टेक्श्चर फिल्टर त्याआधी, प्रत्येक तुकड्यावर वेगळा चालतो आणि तुकडा कुठे संपतो हे त्याला कळत नाही. टीव्हीसारखा मऊपणा हवा असेल तर तो शेवटच्या डिस्प्ले शेडरमध्ये (पूर्ण चित्रावर चालणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये) आणावा. आपल्याकडे घरोघरी होता तो कॅसेटवाला टीव्ही गेम. प्लेस्टेशन आणि निन्टेंडो ६४ अनेकांनी पहिल्यांदा पाहिले ते पीसीवर, फिल्टर लावलेलेच. म्हणून सक्तीचं फिल्टर काढलं की चित्र बिघडलं असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात ते मूळपदावर आलेलं असतं.

प्लेस्टेशनमध्ये टेक्सेलची १६ बिट किंमत शून्य असेल तर तो पारदर्शक. फिल्टर त्या शून्याला काळा रंग समजून शेजारच्या रंगात मिसळतो आणि कड काळवंडते. बरीच टेक्श्चरं ४ किंवा ८ बिट पॅलेटची असतात, म्हणजे त्यांत रंगाऐवजी रंगांच्या यादीतला क्रमांक असतो. तिथे आधी रंग काढून मग मिसळावे लागतात. पॅलेटमधले क्रमांकच मिसळले तर भलतेच रंग येतात. डकस्टेशन या प्लेस्टेशन एम्युलेटरमध्ये फिल्टर हवाच असेल तर कडा न मिसळणारा बायलिनियर पर्याय निवडावा.

निन्टेंडो ६४ ची टेक्श्चर मेमरी अवघी ४ केबी. १६ बिटांचं ६४×३२ टेक्श्चर ती पूर्ण भरतं, म्हणून मोठं चित्र पट्ट्या पट्ट्यांनी काढलं जाई. रिझोल्यूशन वाढवलं की पट्टीच्या टोकाला फिल्टर पलीकडचा टेक्सेल मागतो, तो तिथे नसतो, आणि सांध्यावर रेघ येते. ग्लाइड एन ६४ या ग्राफिक्स प्लगइनमध्ये तीन टेक्सेलांचं फिल्टर निवडावं आणि द्विमितीय आयत (अक्षरं, मागची चित्रं असे सपाट तुकडे) मूळ रिझोल्यूशनला काढायला सांगावं.

प्लेस्टेशन २ चं दुखणं वेगळं. त्यात बायलिनियर मुळातच होतं, पण कोऑर्डिनेट (बिंदूंच्या जागा) पिक्सेलच्या सोळाव्या भागापर्यंत मोजले जात आणि अनेक गेम अर्धा पिक्सेल सरकवून चित्र काढत. रिझोल्यूशन तिप्पट केलं की तो अर्धा पिक्सेल दीड होतो. पीसीएसएक्स २ या त्याच्या एम्युलेटरमध्ये त्यासाठी हाफ पिक्सेल ऑफसेट, राउंड स्प्राइट, अलाइन स्प्राइट हे उपाय आहेत. ते त्या एकाच गेमच्या सेटिंगमध्ये लावावेत; सगळ्यांना लावले तर चांगले चालणारे गेम बिघडतात.

शोधायला क्रम हवा. आधी इंटर्नल रिझोल्यूशन (एम्युलेटर ज्या आकारात चित्र काढतो तो) मूळ, म्हणजे एकपट करा. रेघ गेली तर दोष मोठं करण्यात आहे. राहिली तर सक्तीचं फिल्टर काढून कन्सोलचं मूळ फिल्टर ठेवा. मग अॅनिसोट्रॉपिक (तिरप्या पृष्ठभागांसाठीचं फिल्टर) बंद करा, आणि ते ग्राफिक्स ड्रायव्हरच्या पॅनेलमध्येही अॅप्लिकेशनवर सोपवा; अनेकदा घोटाळा तिथेच असतो, आणि एम्युलेटरमध्ये कितीही शोधलं तरी सापडत नाही. एचडी टेक्श्चर पॅक (मूळ टेक्श्चरच्या जागी लावलेली मोठी चित्रं) काढून बघा. प्रत्येक वेळी बदल एकच, आणि तपासायला तीच सेव्ह स्टेट (गेमचा साठवून ठेवलेला क्षण). पीसीएसएक्स २ मध्ये एफ ९ दाबून सॉफ्टवेअर रेंडररवर (यात चित्र ग्राफिक्स कार्डाऐवजी प्रोसेसर काढतो) जा: तिथेही रेघ दिसली, तर ती बहुधा गेममध्येच आहे.