‘प्रोड्यूसर’ नेमका कोण? नाशिकच्या स्वतंत्र गाण्यांमागचा जुना गुंता

सिडको, इंदिरानगर किंवा नाशिकरोडच्या एखाद्या फ्लॅटमधली मागची खोली, भिंतींना फोम, टेबलावर दोन स्पीकर. नाशिकमधली बरीचशी स्वतंत्र गाणी हल्ली अशाच खोल्यांत तयार होतात. गाणं होईपर्यंत सगळे मित्र असतात. वाद सुरू होतो तो डिस्ट्रिब्युटरचा, म्हणजे गाणं ऑनलाइन सेवांवर चढवून देणाऱ्या कंपनीचा, फॉर्म भरताना किंवा गाणं चाललं की. फॉर्ममध्ये ‘प्रोड्यूसर’ हा रकाना असतो. ज्याने बीट (गाण्यामागचा ताल आणि वाद्यांचा साज) बसवली, मिक्स केलं, त्याचं नाव तिथे पडतं, कारण स्टुडिओत त्यालाच प्रोड्यूसर म्हणतात. गायकाने पैसे दिलेले असतात, म्हणून तो स्वतःला निर्माता समजतो. दोघंही आपापल्या परीने बरोबर असतात, आणि दोघांपैकी कोणाकडेही कागद नसतो.

यात कलाकारांचा निष्काळजीपणा आहे असं म्हणायची पद्धत आहे. मला ते अर्धंच पटतं. गोंधळ बराच जुना आहे आणि त्यातला मोठा भाग कायद्यानेच घालून ठेवलेला आहे.

संगीताचा धंदा आणि नाशिक यांचं नातं तसं शंभर वर्षांपूर्वीही होतं. १९०१ मध्ये लाहोरला संगीत विद्यालय काढणारे, तिकीट लावून जाहीर मैफली करणारे, स्वतःची स्वरलिपी बसवून पुस्तकं छापणारे गायक विष्णु दिगंबर पलुस्कर अखेरच्या वर्षांत रामनामाचा आश्रम करून नाशिकला राहिले. त्यांच्या मुंबईतल्या शाळेची इमारत कर्जापायी हातची गेली होती. राजाश्रय सोडून लोकांच्या पैशावर संगीत चालवायचं ठरवलं की हिशेब मागे लागतो, हे या शहराला तेव्हापासून माहीत असायला हवं होतं.

त्यांच्या स्वरलिपीचा संदर्भ पुढे भलत्याच ठिकाणी येतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने ‘सांगीतिक कृती’ची व्याख्या केली ती छापलेल्या, लिहिलेल्या किंवा चिन्हांत उतरवलेल्या सुरावटीची. चाल नोटेशनमध्ये, म्हणजे स्वरलिपीत, असेल तरच ती कायद्याच्या लेखी कृती. आता सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे लोककवी वामनदादा कर्डक आठवा, ज्यांची गाणी जलशांतून महाराष्ट्रभर गेली. किंवा सप्तशृंगीच्या यात्रेतली देवीची गाणी, बागलाण-कळवणची अहिराणी गाणी. यातली कुठली चाल कोणी नोटेशनमध्ये लिहून ठेवली होती? शब्दांना तरी संरक्षण होतं, कारण ते कागदावर होते. तोंडी चालीला नव्हतं. ही अट काढून टाकणारी दुरुस्ती १९९४ ची. ती मे १९९५ मध्ये लागू झाली. तोवर कॅसेटचा जमाना पुरता भरात आला होता.

कॅसेटचा काळ समजल्याशिवाय आजचे वाद समजत नाहीत, म्हणून इथे थोडं थांबतो. ऐंशीच्या दशकात टेप स्वस्त झाली आणि रेकॉर्ड कंपनीची सद्दी संपली. भीमगीतं, कोळीगीतं, भक्तिगीतं, लोकगीतं यांच्या कॅसेट जत्रेत, बसस्टँडवर, मेनरोडच्या दुकानांत मिळायला लागल्या. व्यवहार एकरकमी. कंपनीने पैसे घातले असतील तर गायकाला एकदा रक्कम मिळायची. गायकाने घातले असतील तर त्याला कॅसेटचे गठ्ठे मिळायचे आणि कार्यक्रमाच्या ठिकाणी तोच ते विकायचा. पुढे किती खपल्या, कुठे खपल्या, हे विचारायची रीतच नव्हती. खरं सांगायचं तर बऱ्याच जणांना ते नकोही होतं. कॅसेट ही जाहिरात होती, कमाई सुपारीची, म्हणजे ठरवून मिळालेल्या कार्यक्रमांची होती. कॅसेट गाजली की सुपारी वाढायची, एवढं गणित पुरेसं होतं.

त्या वेळी कायदा काय म्हणत होता ते मुद्दाम सांगण्यासारखं आहे. मूळ १९५७ च्या कायद्यात रेकॉर्डचा ‘कर्ता’ कोण, तर ज्या मूळ प्लेटवरून, म्हणजे साच्यावरून, रेकॉर्ड काढली त्या प्लेटचा, ती तयार होतानाचा मालक. गाणारा नाही, वाजवणारा नाही. ज्याची प्लेट त्याचं गाणं. १९९४ च्या दुरुस्तीने प्लेट गेली आणि तिच्या जागी ‘प्रोड्यूसर’ हा शब्द आला. त्याची व्याख्याही दिली: ध्वनिमुद्रण करण्यासाठी जो पुढाकार आणि जबाबदारी घेतो तो.

आजचा गुंता या दोन ओळींतच आहे. स्टुडिओतल्या व्यवहारात अजून प्लेटचाच नियम चालतो. प्रोजेक्ट फाइल ज्याच्या हार्डडिस्कवर, त्याचा शब्द शेवटचा. बाकी पैसे आल्याशिवाय स्टेम्स (आवाजाचे आणि वाद्यांचे सुटे ट्रॅक) मिळत नाहीत, आणि कधी पैसे येऊनही मिळत नाहीत. ज्याच्याकडे मूळ फाइल तोच मालक, ही समजूत तीस वर्षांपूर्वी रद्द झालेल्या कायद्याची आहे, पण कोणी ती कायद्याच्या पुस्तकातून उचललेली नाही. धंद्याच्या अंगवळणी पडली आणि राहिली.

दुसरीकडे ‘प्रोड्यूसर’ हा शब्द हिप-हॉपबरोबर वेगळाच अर्थ घेऊन आला. तिथे प्रोड्यूसर म्हणजे बीट करणारा, अरेंजमेंट करणारा, आवाजाला घाट देणारा. आपल्याकडे ज्याला आधी अरेंजर किंवा प्रोग्रामर म्हणायचे, तोच जवळपास. या माणसाला कायद्यात स्वतंत्र जागाच नाही. गीतकाराला आहे, संगीतकाराला आहे, गायक-वादकाला कलावंत म्हणून आहे, ध्वनिमुद्रणाच्या निर्मात्याला आहे. चाल दुसऱ्याची आणि साज याचा असेल, तर कायद्याच्या कुठल्या खान्यात बसायचं हा प्रश्नच पडतो. बीट आधीपासून तयार असेल आणि गायकाने ती फक्त वापरायला घेतली असेल, तर ती बीट हेच वेगळं ध्वनिमुद्रण आणि त्याचा मालक बीटवाला. पण गायकाने वेळ घेतली, पैसे भरले, वादक बोलावले, फसलं तर नुकसान त्याचं, असं असेल तर पुढाकार आणि जबाबदारी दोन्ही त्याची. मग व्याख्येतला प्रोड्यूसर तोच, मिक्स कोणीही केलेलं असो.

बीटवाल्यांची बाजूही आहे. तीन हजारांत रात्र-रात्र बसून गाणं उभं करायचं, आणि ते लाखोंनी ऐकलं गेलं की नाव फक्त गायकाचं. त्यांचा राग खरा आहे. पण त्यासाठी ‘प्रोड्यूसर’ रकान्यात नाव घालून गाणं आपल्या खात्यातून आधी चढवून टाकायचं, हा इलाज मला मान्य नाही. कारण मग यूट्यूबची कंटेंट आयडी, म्हणजे नोंदलेल्या फाइलशी जुळणारं गाणं हुडकणारी यंत्रणा, ज्याची फाइल नोंदलेली आहे त्याचंच ऐकते आणि गायकाच्या स्वतःच्या चॅनेलवर त्याच्याच गाण्याला क्लेम, म्हणजे दुसऱ्याच्या मालकीचा दावा, येतो. यंत्राला पुढाकार आणि जबाबदारी कळत नाही. त्यापेक्षा रेकॉर्डिंगच्या दिवशीच साध्या कागदावर वाटा लिहून सह्या केल्या असत्या तर बरं. हक्क हस्तांतर लेखी आणि सहीनिशीच लागतं, तोंडी चालत नाही, हे कलमही काही नवं नाही.

लेखी करार झाला तरी तो बहुधा कुठून तरी उतरवलेला असतो आणि त्यात ‘कायमस्वरूपी, जगभर, सर्व माध्यमांत’ हे शब्द असतातच. गंमत अशी की करारात मुदत लिहिलीच नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरताच. म्हणजे काही न लिहिणं कलाकाराच्या फायद्याचं होतं. घाईघाईने नमुना उतरवणारा स्वतःच्या हाताने ते घालवतो.

एकरकमी व्यवहारामागे १९७७ चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकालही आहे, त्याबद्दल थोडक्यात. मोबदला घेऊन चित्रपटासाठी चाल बांधली आणि वेगळा करार नसला, तर पहिला मालक निर्माता, असं त्यात ठरलं. त्याच निकालात एका न्यायमूर्तींनी वेगळी टिपणी जोडून, आपल्या कायद्यात गाणाऱ्याला काहीच हक्क नाही याकडे बोट दाखवलं. निकाल चित्रपटापुरता होता, पण त्याची सावली खासगी अल्बमवरही पडली आणि एकरकमी पद्धतीला जणू न्यायालयाचा आधार मिळाला. ती पद्धत मोडायला २०१२ ची दुरुस्ती यावी लागली. २१ जून २०१२ पासून गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीतला आपला समान वाटा सोडून देताच येत नाही. सही केली तरी ती त्या बाबतीत निरर्थक. चित्रपटाबाहेरच्या गाण्यांनाही हे लागू आहे. पण हा वाटा गोळा करणाऱ्या गीतकार-संगीतकारांच्या सोसायटीची नव्या तरतुदींखाली नोंदणी २०१७ उजाडेपर्यंत झाली नव्हती. आणि सभासद व्हायचं असतं हे माहीत असलेले कलाकार तालुक्यांत आजही फारसे भेटत नाहीत.

मधल्या काळात कॉलर ट्यूनने थोडे दिवस आशा दाखवली. पुढे दूरसंचार नियामकाने अशा सेवांसाठी ग्राहकाची दुहेरी संमती सक्तीची केली आणि तो पैसा आटला. ग्राहकाच्या दृष्टीने ते योग्यच होतं, न मागता पैसे कापले जात होते. सप्टेंबर २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि अहिराणी गाण्यांना मालेगाव-सटाण्यापासून जळगाव-धुळ्यापर्यंत श्रोता मोबाइलवरच मिळाला. २०१८ मध्ये यूट्यूबने जाहिरातीच्या उत्पन्नासाठी एक हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास पाहिलं जाण्याची अट घातली. २०२४ पासून स्पॉटिफायवर बारा महिन्यांत हजार वेळा न ऐकलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाची रॉयल्टी मिळत नाही. गायक एखाद्या मोठ्या चॅनेलला गाणं एकरकमी देऊन टाकतात त्यामागे अशा अटीही आहेत. म्हणजे कॅसेटचाच व्यवहार, फक्त गठ्ठ्याऐवजी लिंक.

कमाई मात्र अजूनही सुपारीचीच. लग्नसराई, चौदा एप्रिल, गणपती, नवरात्र. ढोलपथकापासून ऑर्केस्ट्रापर्यंत सगळ्यांचं वर्ष याच महिन्यांवर चालतं. गंगापूर धरणाच्या बाजूच्या वाइनरीत २००८ पासून जो संगीत महोत्सव भरू लागला, तिथे करार, आगाऊ रक्कम, तांत्रिक मागण्यांची यादी हे सगळं रीतसर असतं. शहरातल्या मंडळाच्या कार्यक्रमाला हेच मागितलं तर ‘मानधन देऊ ना’ असं उत्तर येतं. मानधन हा शब्द मोठा सोयीचा आहे, त्यात मान आधी येतो आणि धन राहून जातं. जीएसटीत शास्त्रीय किंवा लोककला सादर करणाऱ्याला एका कार्यक्रमाच्या दीड लाखापर्यंतच्या रकमेवर कर नाही. पण कीबोर्ड आणि ऑटोट्यूनवर गायलेलं अहिराणी गाणं लोककला धरायचं का, यावर प्रत्येक सीए वेगळं सांगतो.

अलीकडे जुन्या कॅसेटही कोणी ना कोणी चढवतं आहे. गायकांची मुलं हरकत घेतात, चढवणारा म्हणतो कंपनीच बंद झाली. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं चालतो. १९८८ ची कॅसेट असेल तर २०४८ च्या अखेरपर्यंत. तिला लागू होणारा नियम अजून मूळ प्लेटच्या मालकाचा, आणि ती टेप कोणाच्या मालकीची होती हे कव्हरवरच्या बारीक अक्षरांतल्या नावाशिवाय कुठे लिहिलेलं नाही.